निवडून टाकलेले दाणे

बोर्डी सोडून शेअर रिक्षा पूर्वेकडे वळली, चिकूच्या वाड्या मागे पडल्या, की हवा बदलते. नवरात्र जवळ आलेलं असतं. पाऊस जातो-जातो म्हणत दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखा अजून इथेच असतो, आणि खाचरांतल्या लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताला वास सुटलेला असतो. हा वास ज्याला माहीत आहे त्याला सांगावा लागत नाही, ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळत नाही. परवाही रिक्षात माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली बाई नाक वर करून म्हणाली, "आला गं बाई भात!" सगळे हसले. मी पदर नाकाला लावला. मला या वासाचा भरवसा वाटत नाही. शेत असं घमघमत असतं ना, नेमकी तेव्हाच घरातली कणगी रिकामी असते. जुनं भात संपलेलं, नवं अजून उभं. आणि कापून घरात आलं तरी ‘नवं’ होईपर्यंत, म्हणजे देवाला पहिला घास दाखवेपर्यंत, त्यातला दाणा तोंडात घालायचा नाही अशी आमच्याकडे रीत. तोवर पोट चालतं ते रेशनच्या तांदळावर. वास शेताचा, भात रेशनचा. या ऋतूत पहिल्यापासूनच काहीतरी फसवं आहे.

आता मी मुळातच संशयी बाई. हे माझ्या तोंडावर बोलणारेही पुष्कळ आहेत आणि मी नाही म्हणत नाही. बोर्डीला मुलींच्या एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे. दीडशे-दोनशे पोरींच्या पोटात काय जातं याची जबाबदारी असली, की माणूस साधं राहत नाही. माझ्यासमोर कुणी चिकूची पाटी ठेवली तर मी आधी देठाशी नख लावते, पावडर टाकून पिकवलाय का ते बघते. मासळीवालीच्या बोंबलाचे कल्ले उघडते. हळद पाण्यात टाकून बघते, तेलाचा डबा उघडून हुंगते. डहाणूच्या बाजारातला आमचा किराणावाला मला लांबून बघितलं की हात जोडतो, "आवो बेन, आवो! तमे तो पोलीस छो." मी म्हणते, "पोलीसच आहे. तुरडाळ दाखवा, आणि वरची नको, गोणीच्या तळातली दाखवा." तो हसतो, पण तळातली दाखवतो.

हा गुण आईकडून आलेला. माझी आई झरीला राहते. जन्मात कुणावर विश्वास ठेवताना मी तिला बघितलं नाही. ना दुकानदारावर, ना भगतावर, ना डॉक्टरवर, ना मतं मागायला येणाऱ्यांवर. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. आई पाणीसुद्धा फुंकून पिते. पण तिला नावं ठेवायची तर आधी तिला पोळलं किती वेळा ते बघायला हवं. रेशनच्या तांदळात तिने काय नाही बघितलं? खडे, उंदराच्या लेंड्या, बुरशीचे गोळे, पोरकिडे चालून-चालून जिवंत झालेली गोणी. आमच्या लहानपणी एकदा मक्याच्या नावाखाली असं काही आलं होतं की बैलानेही तोंड फिरवलं. "फुकट ते पौष्टिक म्हणतात," आई म्हणायची, "ज्याने म्हटलं त्याला इथलं रेशन खायला घाला."

म्हणून आई तांदूळ निवडायची. निवडायची म्हणजे काय, ते बघायलाच हवं. सकाळची कामं आवरली, ऊन दारात आलं, की उंबऱ्याला पाठ लावून बसायची. आधी सुपात पाखडायचं, कोंडा उडवायचा. मग स्टीलच्या मोठ्या ताटात मूठभर तांदूळ पसरायचे आणि एका बोटाने ते एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सारत न्यायचे. बोट चालतच राहायचं, थांबायचं नाही. खडा, काडी, साळ, किडा जे वेगळं दिसेल ते त्याच बोटाच्या टोकाने बाहेर. पाड्यावर कुणाकडे लग्न निघालं की तांदूळ निवडायला आईला बोलावणं यायचं. वऱ्हाडातल्या कुणाच्या दाताखाली खडा आला असं कधी झालं नाही. आईला नथ नाही, पाटल्या नाहीत; पण हा एक मान होता, आणि तो ती मिरवायची. "माझ्या हाताखालून गेलेल्या तांदळात तुला खडा सापडला तर मी नाव बदलीन," असं म्हणायची. बाहेर काय चाललंय ते आपल्या हातात नाही, पण ताटात काय येतं ते आपल्या बोटात आहे, असं तिला वाटायचं. मलाही तेच वाटायचं. अजूनही पुष्कळसं वाटतं.

त्या वर्षी भाताला वास सुटला तेव्हा रंजू घरी होती. रंजू माझी धाकटी बहीण, पहिलटकरीण. नवरा उंबरगावला कंपनीत कामाला, तो शनिवारी येऊन रविवारी परत जायचा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून गौरी झाल्यावर आई तिला घेऊन आली होती. मी सुट्टी मिळेल तशी बोर्डीहून जायची. जाताना पिशवीत सुका जवळा, दोन-चार नारळ, चिकू. रंजूला मी लहानपणी ‘टुणटुण’ म्हणायची, इतकी ती गुटगुटीत. त्या वर्षी बघितलं तर चेहरा पिठासारखा. विहिरीवरून अर्धा हंडा आणला तरी दारातल्या दगडावर बसून राहायची, आणि छाती अशी वर-खाली व्हायची की बघवत नसे. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत लाल असतं ना, तिथे लाल नव्हतं.

पाड्यावरची आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याचं काम बघणारी कल्पना, दर आठवड्याला यायची. आमच्याच गावची सून, बोलायला गोड, पण आईपुढे गोड बोलून भागत नाही. तिने रंजूला तलासरीला नेलं, रक्त तपासून आणलं आणि ओट्यावर बसून आईला सांगितलं, "मावशी, हिला रक्त नाही. आता बाळंतपणात थोडं जरी गेलं तरी भारी पडेल. गोळ्या चुकवायच्या नाहीत."

"रक्त नाही तर चालते कशी?" आई म्हणाली.

"मावशी, कमी आहे म्हणजे…"

"कमी आहे तर नाही का म्हणतेस? आधी नीट सांगायला शीक."

गोळ्या लाल होत्या. खाल्ल्या की रंजूला मळमळायचं आणि परसाकडे काळं व्हायचं. काळं म्हटल्यावर आईने कपाळाला हात लावला. आतडं जळतंय म्हणाली. त्यात शेजारणींनी सांगितलं, या गोळ्यांनी पोर पोटात एवढं वाढतं की मग सुटत नाही, पोट फाडावं लागतं. आमच्याकडे बाया गरोदरपणाच्या शेवटी-शेवटी दोन घास कमीच खातात. पोर लहान राहिलं तर सहज बाहेर येतं म्हणून. त्यात वेडेपणा आहे, पण उगाच आलेला वेडेपणा नाही. जिथून दवाखाना लांब, जिथे नाला भरला की रस्ता बंद, तिथल्या बाईने मोठ्या पोराची भीती धरली तर तिला हसायचं कुणी? रंजू कधी गोळी घ्यायची, कधी जिभेखाली धरून परसात थुंकायची. मी ओरडायची. ती म्हणायची, "ताई, तू वसतिगृहातल्या पोरींवर ओरड. मला नको."

आणि नेमका त्याच सुमारास रेशनचा तांदूळ बदलला.

आईच्या बोटाला तो आधी कळला. नेहमीच्या तांदळात मधून मधून एक दाणा वेगळा. जरा जास्त पांढरा, जरा पिवळट झाक असलेला, चमक नसलेला, आणि सगळे अगदी एकसारखे. "देवाने केलेले दोन दाणे सारखे नसतात," आई म्हणाली, "हे साच्यातले आहेत." मी हातात घेऊन बघितले. साच्यातलेच वाटत होते. आईने पाण्याची वाटी घेतली. खरा तांदूळ तळाला गेला, हे दाणे वर तरंगले. तिने दोन दाणे निखाऱ्यावर टाकले. जळाले, काळे झाले, वास आला. "बघ. प्लास्टिक." आता हातच्या काकणाला आरसा कशाला? पाड्यावर ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर तेच आलं होतं, कुणीतरी भाताचा चेंडू करून भिंतीवर उडवून दाखवत होतं. पण आईला मोबाईलची गरज नव्हती. तिने स्वतः तपासून बघितलं होतं, माझ्यासमोर. मी माणसांवर संशय घेते, पण आईच्या बोटावर कधी घेतला नव्हता.

मग पाड्यावरच्या सगळ्या बाया आईकडून शिकल्या. दुपारी आमच्या ओट्यावर पाच-सहा जणी ताटं घेऊन बसायच्या. गप्पा, हसणं, कुणाची सून कुणाचा जावई, आणि बोटं चाललेली. ‘खोटे’ दाणे एकीकडे, खरे एकीकडे. आईने खोट्या दाण्यांसाठी काचेची एक बरणी केली होती. फेकायचे नाहीत म्हणायची. कधीतरी कुणी साहेब येईल, त्याच्या पुढ्यात ही बरणी ठेवायची आणि विचारायचं, तुझ्या घरी खातोस का हे? बरणी हळूहळू भरत होती. निवडताना एखादा चुकला तर धुताना वर यायचा, आणि वर आलं ते ओतून द्यायचं, ही तर धुण्याची रीतच. आईच्या हातचा भात असा शुभ्र, मोकळा, स्वच्छ व्हायचा की बघत राहावं.

त्या दिवसांत आम्ही काय खात होतो ते मला एकेक आठवतं. भात आणि उडदाचं पातळ बेसन. टाकळा जून होऊन गेला होता, त्यामुळे पालेभाजी बंद. जवळा मी नेईन तेव्हा. नागली होती थोडी, पण ती आई पेरण्यासाठी राखून होती. शेवग्याचं झाड दारातच, पण बाळंतीण व्हायच्या बाईने शेवग्याचा पाला खाऊ नये, उष्ण पडतो, म्हणून तो शेळीला. आणि जेवण झालं की लगेच काळा चहा. गूळ घातलेला, कडक. रंजूला तो भाताबरोबरही लागायचा. जेवणावर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? आम्हाला फक्त एवढं दिसायचं की चहा घेतला की तिच्या तोंडावर जरा तरतरी येते.

आणि रंजू माती खायची. सारवलेल्या भिंतीचा कोपरा नखाने खरवडून तो चुरा जिभेवर ठेवायची. कधी निवडून झालेले कच्चे तांदूळ मूठभर तोंडात टाकायची आणि कुडुम कुडुम चावत बसायची. न निवडलेल्यांकडे हात गेला की आई चापट मारायची, "थांब, निवडले नाहीत अजून!" मी म्हटलं, डोहाळे आहेत, राहू दे. आता वाटतं, तिच्या अंगाला काय कमी आहे ते अंगालाच कळत होतं आणि ते भिंतीजवळ जाऊन मागत होतं. आमच्या तिघींत तेवढं एक शहाणं होतं.

पुढचं मी फार सांगणार नाही. शेतं पिवळी पडली होती, दोन ठिकाणी कापणीही लागली होती. सकाळी रंजूच्या पोटात कळा सुरू झाल्या. कल्पनाने गाडी बोलावली, गाडी वेळेवर आली. कुणाला दोष द्यायचा म्हटलं तर हाताला कुणी लागत नाही, याचाही राग येतो. मुलगी झाली. लहानशी, पण रडली जोरात. आणि मग रंजूला रक्तस्राव सुरू झाला, तो थांबला नाही. दुसऱ्या बाईला झाला असता तर ती आठवडाभर पडून राहिली असती आणि उठली असती, असं डॉक्टर म्हणाले. हिच्या अंगात गमवायला काही नव्हतंच. मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, गाडीत घातली, आणि रस्त्यात ती गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताचा तोच वास येत होता. काच वर करा म्हणून मी ड्रायव्हरवर ओरडले.

दिवस झाले. पाहुणे परतले. जावयाने वर्षभरात दुसरं लग्न केलं. मला त्याचा राग आला, पण नवल वाटलं नाही. मुलगी आमच्याकडेच राहिली. तिचं नाव सोनल, पण सगळे सोनूच म्हणतात. त्या पहिल्या दिवसांत आई बाळाला खाली ठेवायचीच नाही. मग एका दुपारी, बाळाला मांडीवर थोपटता थोपटता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "वसू, मी निवडत होते ना गं नीट?"

"हो आई."

"तरी एखादा दाणा राहिला असेल का? तोच गेला असेल तिच्या पोटात?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय. मग कळलं. आईच्या मते रंजूला त्या खोट्या तांदळाने मारलं होतं, आणि तो तिच्या बोटाखालून निसटला होता. मी तिचा हात धरला. "नाही आई. एकही राहिला नव्हता." तेव्हा मी हे मनापासून म्हटलं. ते ऐकून ती त्या दिवशी पहिल्यांदा जेवली.

पौषात डहाणूला आम्हा स्वयंपाकवाल्यांचं प्रशिक्षण झालं. एका सभागृहात शाळांच्या, अंगणवाड्यांच्या, वसतिगृहांच्या सगळ्या बाया. चहा, बिस्किटं, पुढे पडदा. एक तरुण मॅडम आल्या होत्या, त्यांनी हातात तांदळाचे दाणे घेतले, तेच पांढरे, पिवळट झाकेचे, एकसारखे. म्हणाल्या, हा तांदूळच आहे. तांदूळ दळून त्याच्या पिठात लोह घालतात, रक्त वाढवणारी आणखी दोन जीवनसत्त्वं घालतात, आणि यंत्रातून परत दाण्याच्या आकारात काढतात. साध्या तांदळात अगदी थोडा मिसळतात. पिठाचा असल्यामुळे हलका, म्हणून पाण्यावर तरंगतो. "काही ठिकाणी बायका हे दाणे निवडून फेकतात," मॅडम हसून म्हणाल्या, "तेवढं करू नका. सगळं रक्त त्यातच आहे." सभागृहात हसू पिकलं. माझ्या शेजारच्या बाईने मला ढोसलं, "आमच्याकडे पण करतात गं!"

मी उठून उभी राहिले. माझा आवाज चढला होता, ते मला दिसत होतं सगळ्यांच्या तोंडावर. "हे आत्ता सांगता होय? तांदूळ आधी आला, सांगणं मागून! गोणीवर बारीक अक्षरात लिहिलं म्हणजे झालं? ज्या बाईला अक्षर येत नाही तिने काय करायचं, गोणी चाटायची?" मॅडमचा चेहरा उतरला. त्यांचा दोष नव्हता, मला माहीत होतं. पण मग कुणाचा होता ते तरी कुणी सांगावं! मी विश्वासही ठेवला नाही लगेच. बाहेर गाठून त्यांना दहा प्रश्न विचारले. लोहच आहे कशावरून? जास्त झालं तर? सगळ्यांना चालतं? त्या बिचारीने एकेकाचं उत्तर दिलं. सिकलसेल किंवा थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार असेल तर डॉक्टरला विचारून खावं, असंही सांगितलं. हे तिने आपणहून सांगितलं नव्हतं, मी खोदलं म्हणून निघालं. म्हणून म्हणते, संशय वाईट नाही. पण संशय घेऊन गप्प बसणं आणि संशय घेऊन विचारणं यात फरक आहे, आणि आम्हाला विचारायचं कुणाला तेच माहीत नसतं.

त्या सुट्टीत झरीला गेले. बरणी कोनाड्यात होती, काठोकाठ. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते मी तोवर फक्त म्हणायची. साहेबाला दाखवते असं सांगून मी बरणी पिशवीत घातली आणि बोर्डीला आणली. माझ्या खोलीतल्या फळीवर ती पुढे कितीतरी दिवस होती. टाकवेना, ठेववेना. एक दिवस बघितलं तर दाण्यांत पोरकिडे झाले होते. टुमटुमीत, काळेभोर, मजेत फिरत होते. प्लास्टिकला कधी किडा लागतो का? त्या किड्यांना कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं, तरी त्यांना कळलं. मी बरणी नारळाच्या बुंध्याशी ओतली आणि पहिल्यांदा मोठ्याने रडले.

आता कुणी मला सांगेल की एवढ्याशा दाण्यांनी रंजू वाचली नसती. मी स्वतःला हजारदा सांगितलंय. गोळ्या थुंकल्या, चहा होता, पालेभाजी नव्हती, लहानपणापासूनचं खाणं होतं, दवाखाना लांब होता. मी एका डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, नुसत्या तांदळाने तेवढ्या दिवसांत किती रक्त वाढलं असतं ते सांगता येत नाही. म्हणजे नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. हे ‘सांगता येत नाही’ माझ्या छातीत खड्यासारखं अडकून आहे.

आणि दर वर्षी भाताला वास सुटला की आई तोच प्रश्न विचारते. वर्षभर विचारत नाही, या दिवसांतच विचारते. "वसू, एखादा राहिला असेल का गं?" आणि दर वर्षी मी म्हणते, "नाही आई, एकही राहिला नव्हता." मी खोटं बोलत नाही. एकही राहिला नव्हता. त्या घरात माझ्या बहिणीच्या ताटात एकही दाणा पोचला नव्हता, इतकी माझी आई हाताची पक्की. याहून खरं वाक्य मी आयुष्यात बोललेली नाही.

या वर्षी मात्र तेवढ्याने भागणार नव्हतं. सोनू आता तीन वर्षांची. अंगणवाडीत तपासणीला डॉक्टर आले होते. त्यांनी तिची पापणी ओढून बघितली, रक्त घेतलं आणि कल्पनाच्या हाती निरोप पाठवला. रक्त कमी. मी ऐकलं आणि हातातला झारा खाली ठेवला. आईचा जीव आहे या पोरीत. तिच्यासाठी तर आई तांदूळ दोनदा निवडते. एकदा सकाळी, एकदा धुवायच्या आधी. अंगणवाडीची खिचडीसुद्धा घरी आणून, चिवडून, संशय घेऊन भरवते.

मी आधी तिची सिकलसेलची तपासणी करून घेतली. तो आजार नाही असं लेखी आलं तेव्हाच झरीची रिक्षा पकडली. रस्ताभर विचार करत होते. आईला सांगायचं तर काय सांगायचं? की त्या दाण्यांत औषध होतं? की तू बरणी भरत होतीस आणि पोर रिकामी होत होती? हे ऐकून ती दुसऱ्या दिवसाची सकाळ बघणार नाही, मी ओळखते तिला. आणि नाही सांगायचं तर या पोरीचं काय? एकीला वाचवायचं तर दुसरीला मारायचं, असा हा हिशेब माझ्या गळ्यात कुणी घातला, देव जाणे. रिक्षातली ती बाई "आला गं बाई भात" म्हणाली ती याच दिवशी.

घरी पोचले तर आई शेतावर गेलेली. मी डब्यातला न निवडलेला तांदूळ काढला. फक्त खडे बघितले, थोड्याच पाण्यात हलक्या हाताने धुतला, वर आलेले दाणे परत खाली सारले आणि शिजत ठेवला. दारातल्या शेवग्याचा पाला ओरबाडून डाळीत घातला. लिंबू कापलं. चहाचं पातेलं पालथं घातलं. आई आली, हातपाय धुतले, ताटं बघितली. "अगोबाई, पाहुण्या बाईने रांधलं आज," म्हणाली. सोनूला मांडीत घेऊन भरवायला बसली. पहिला घास कालवला आणि तिचं बोट थांबलं.

शिजलेल्या भातातही तिला तो दिसला. तिने चिमटीत धरून उचलला. माझ्याकडे बघितलं.

"आई, राहू दे," मी म्हटलं. "तो चांगला आहे."

"हा?"

"हो. मी स्वतः विचारून आले. औषध घातलेला तांदूळ आहे तो. सोनूला रक्त कमी आहे ना, त्यासाठीच आहे. वसतिगृहातल्या पोरी रोज खातात. मी खाते."

आईने तो दाणा चिमटीत फिरवून उजेडात धरला. सोनू आ वासून बसलेली. मग आईने अगदी हळू, जणू सोनूला कळू नये म्हणून, विचारलं, "मग तेव्हाचे?"

मी जन्मभर लोकांचं खोटं तोंडावर पकडलंय. किराणावाल्याचं, मासळीवालीचं, कंत्राटदाराचं. खोटं बोलणाऱ्याचे डोळे कुठे जातात ते मला माहीत आहे. म्हणून मी डोळे कुठेही जाऊ दिले नाहीत.

"तेव्हाचे वेगळे होते, आई," मी म्हटलं. "ते खोटेच होते. तू बरोबर निवडलेस."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. ताटात तांदूळ पसरून बघते तसं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, घाई न करता. तिला काही सापडलं की नाही मला कळलं नाही. मग तिने तो दाणा परत भातात टाकला, डाळीत कालवला, वर लिंबू पिळलं आणि सोनूला म्हणाली, "घे गं माझे बाय. मोठ्ठा आ कर."